खुंट्या डोंगरावरच्या चिंध्या

"एवढं चांगलं कापड, आणि कुणाला त्याची किंमत आहे का!" काकू माझ्या मानेमागे पुटपुटल्या.

मी वळून पाहिलं नाही. कारवीतली वाट अरुंद, दोन्हीकडून ओल्या फांद्या गालाला लागत होत्या, आणि कापडाचा विषय निघाला की मी तशीही वळत नाही. ब्लाऊज शिवून पोट भरणाऱ्या बाईला काही गोष्टी ऐकू न येण्याची सवय लावून घ्यावी लागते. गणपतीआधी काकूंचा खणाचा ब्लाऊज शिवला होता. त्यातला तुकडा उरला असणार, तो मी ठेवून घेतला, असा त्यांचा संशय होता. तो संशय त्या भाजी घेताना, देवळात, रविवारी चालताना, कुठेही बोलून दाखवत.

"काकू, दम लागलाय का? थांबू या?" मी विचारलं.

"दम कशाला लागतोय? वाकून वाकून कंबर गेली," त्या म्हणाल्या आणि हातातली गोणपाटाची पिशवी खांद्यावर टाकली.

मला वाटलं, कचरा उचलून कंबर गेली. आमच्या मंडळाचा तो नियमच होता. सगळ्यांत शेवटी चालेल त्यानं मागे काही राहू द्यायचं नाही. गोळीचा कागद, बिस्किटाचं वेष्टन, आपलं असो की दुसऱ्याचं, सगळं पिशवीत. आणि शेवटी कायम काकू असायच्या, कारण काकूंना घाई म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आमचं मंडळ म्हणजे संगमनेरातली दर रविवारी चालायला जाणारी पाच-सात टाळकी. त्या दिवशी आम्ही पाच जण होतो. सगळ्यांत पुढे पुंडे सर. शाळेत खेळाचे शिक्षक होते, निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण पाठ अजून काठीसारखी. त्यांच्यामागे नवलेबाई, पोस्टात नोकरीला, बोलणं शिक्का मारल्यासारखं. मग औषधांच्या दुकानाचे इक्बालभाई, त्या दिवशी नवेकोरे बूट घालून आलेले. मग मी. आणि शेवटी काकू, म्हणजे सरांच्या मालतीबाई.

मला डोंगराचं वेड सरांनीच लावलं. तसं शिवण मला कुणी शिकवलं नाही, जुने ब्लाऊज उसवून उसवून मी शिकले. डोंगरही तसाच शिकले असते, पण तो उसवून पाहता येत नाही म्हणून सरांच्या मागे मागे चालले. कुठल्या ढगाला घाबरायचं, कुठला दगड पायाखाली फिरतो, दोरीची कुठली गाठ ओढली की घट्ट होते आणि एका टोकाला हिसका दिला की सुटते, हे सगळं त्यांचं. आणि त्यांचा एक मोठा नियम होता. तो ते नव्या माणसाला पहिल्याच रविवारी पाठ करायला लावत.

"वाट चुकली तर काय करायचं?"

"बसायचं, सर."

"मग?"

"खायचं."

"मग?"

"खरं बोलायचं."

"उलट क्रमानं करणारी माणसं दरीत सापडतात," सर म्हणत. "उभ्या उभ्या आणि उपाशीपोटी माणूस खरं बोलत नाही. भांडतो."

आम्ही हसायचो. मात्र गेलं वर्षभर आम्ही पाचही जण काहीतरी खरं न बोलता चाललो होतो.

सर विसरायला लागले होते. आधी नावं, मग निरोप. एकदा काकूंचा ब्लाऊज न्यायला माझ्या दुकानात आले आणि उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले, "मंदा, मी कशाला आलोय गं?" मी म्हटलं, "चहा प्यायला," आणि चहा टाकला. पावसाळ्याआधी एका साध्या टेकडीवर त्यांनी आम्हाला भलत्याच ओढ्यात उतरवलं आणि म्हणाले, "मुद्दाम नवी वाट दाखवली." नवलेबाई घरी येताना म्हणाल्या, "वय झालं की माणसाला नव्या वाटा सुचतात." इक्बालभाई म्हणाले, "सरांना जरा व्हिटॅमिनची कमतरता दिसते." काकू जीपच्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. त्या दिवसापासून सरांची शबनम पिशवी त्याच भरायला लागल्या.

सरांना तोंडावर सांगायचं कुणी? वीस वर्षं पुढे चाललेल्या माणसाला मागे ये म्हणायचं कुणी? पुढे चालणं एवढंच त्या माणसाकडे उरलं होतं. म्हणून खुंट्या डोंगराचा बेत ठरला तेव्हा मी फक्त एवढं म्हणाले, "सर, वाडीतला कुणी सोबत घेऊ या का?" तर ते म्हणाले, "खुंट्यावर? मला? अगं, डोळे बांधून आणीन." पुढे बोलणं आलं का?

पण मी आपली तयारी केली. खाली वाडीत हिराबाईंच्या घरी जीप लावली तेव्हा त्यांना पिठलं-भाकरी करून ठेवायला सांगितली. दिवस कलायच्या आत जेवायला येतो म्हटलं. हे माझं स्वतःचं डोकं. नुसतं 'आम्ही डोंगरावर जातोय' असं सांगितलं की लोक मान हलवून विसरतात. पण भाकरी थापून ठेवलेली बाई पाहुणे आले नाहीत की शोधायला माणूस पाठवतेच. दुसरी तयारी माझ्या पिशवीत होती. दुकानातल्या कापडाच्या चिंध्या, चांगल्या वीत-वीतभर. वाटेला फाटा फुटला की काकू वळणामागे असतानाच मी जरा रेंगाळायची, चपलेत खडा गेल्याचं सोंग करायची आणि झुडपाला चिंधी बांधायची. सर पुढे चालतील, वाट दाखवतील, मान त्यांचाच. उतरताना ते चुकलेच तर मी आपली सहज म्हणेन, "सर, इकडून बघू या का?" आणि चिंधी दिसेल. कुणाला कळायचं कारण नाही.

वर जाताना सर चुकले नाहीत. वाट ठळक होती. कारवी संपली, शेवटची नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद दगडी घळ, चढलो, आणि पठार समोर आलं. सगळीकडे सोनकी फुललेली. जिकडे पाहावं तिकडे पिवळं, कुणी हळदीचं पोतं सांडल्यासारखं. मध्ये खडकातलं एक टाकं, पाणी गारेगार. नाळेच्या तोंडाशी मी एक हिरवी चिंधी बांधली. मागे वळून बघून घेतलं की ज्या सुळक्यावरून डोंगराला नाव पडलं तो वर उभा खुंट नाळेच्या कुठल्या हाताला दिसतो. उजव्या. हेही सरांनीच शिकवलेलं. जाताना मागे वळून बघत जा, कारण येताना डोंगर पाठीकडून दिसतो आणि पाठीकडून आपला माणूसही ओळखू येत नाही.

टाक्यापाशी पाणी प्यायलो. इक्बालभाईंनी फोटो काढले. नवलेबाईंनी सोनकी केसात माळली आणि लगेच काढून टाकली, "कुणी बघितलं तर?" म्हणून. आणि परत निघालो तेवढ्यात दरीतून धुकं आलं. आलं म्हणजे काय, दूध उतू जावं तसं कड्यावरून वर चढलं आणि पठारभर पसरलं. पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसायची, बाकी सगळं पांढरं.

"काही नाही," सर म्हणाले. "एकमेकांना धरून चला. माझ्या मागे या."

आम्ही गेलो. बराच वेळ गेलो. मी डोळे फाडून झुडपं बघत होते. टाक्यापासून नाळेपर्यंत मी चार-पाच ठिकाणी चिंध्या बांधल्या होत्या. एकही दिसेना. एक नाही दिसली तर समजू शकते, पण सगळ्याच कशा नाही दिसणार? मला वाटलं आपण पठारावर भलतीकडेच आलोय.

मग नवलेबाई थांबल्या. खाली चिखलात बुटांचे ठसे होते, तळव्यावर चांदण्या असलेले.

"सर, ही इक्बालभाईंची पावलं आहेत," त्या म्हणाल्या.

सरांनी वाकून पाहिलं. "दुसरे कुणी ट्रेकर येऊन गेले असतील."

"तेही आपल्याच गावातून बूट घेतात वाटतं," नवलेबाई म्हणाल्या. मग त्यांनाच वाईट वाटलं आणि त्या घाईनं म्हणाल्या, "असतील, असतील. हल्ली सगळीकडे एकच माल येतो."

डावीकडून पाण्याचा आवाज येत होता. "ओढ्याच्या कडेनं उतरू या ना," इक्बालभाई म्हणाले. "पाणी शेवटी खाली गावातच जातं."

"जातं," मी म्हटलं. "पण पाण्याला कड्यावरून उडी मारता येते, इक्बालभाई. तुम्हाला येते का?"

तेव्हा सर थांबले. त्यांनी धुक्याकडे पाहिलं, आवाजाकडे कान दिला आणि म्हणाले, "बसा."

आम्ही बसलो. त्या एका शब्दानं माझे खांदे खाली आले. त्यानंतर सरांचं जे सुरू झालं ते बघत राहावं असं होतं. कड्यापासून लांब, वाऱ्याच्या आड, एका मोठ्या खडकाच्या पोटाशी त्यांनी आम्हाला नेलं. जमीन ओली म्हणून पिशव्या बुडाखाली घ्यायला लावल्या. प्लास्टिकचा मोठा कागद आमच्या डोक्यावरून ओढला, टोकं आम्हाला धरायला दिली. इक्बालभाईंचा घामेजलेला शर्ट बदलायला लावला. "थंडी धुक्यानं नाही वाजत, घामानं वाजते. लाजू नका, कुणी बघत नाहीये." काकूंचे पाय माझ्या मांडीवर, नवलेबाईंची पाठ माझ्या पाठीला. मग शिट्टी काढून तीनदा वाजवली, थांबले, पुन्हा तीनदा. "एकदा वाजवली तर पोरं खेळताहेत असं वाटतं. तीनदा म्हणजे कुणीतरी अडलंय."

बोटं जराही अडखळली नाहीत. त्या माणसाला सगळं येत होतं, फक्त वाट येत नव्हती.

"आता खा," ते म्हणाले.

दशम्या निघाल्या, शेंगदाण्याची चटणी निघाली, इक्बालभाईंच्या घरचे खजूर निघाले. आम्ही खाल्लं. कागदाच्या आत ऊब आली. नवलेबाईंनी चटणी कुणाची म्हणून विचारलं, काकूंनी सांगितलं, लसूण किती घातला त्यावर चर्चा झाली. ती संपली. मग दशम्या दुधात भिजवल्या की पाण्यात, त्यावर झाली. तीही संपली. डबे रिकामे झाले. सगळे डब्यांच्या तळाकडे बघत बसले.

तिसरी गोष्ट राहिली होती. ती राहिलीय हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"इक्बालभाई, तुमच्या मोबाईलवर नकाशा असतो ना?" मी हळूच विचारलं.

"बॅटरी संपली," ते खजील होऊन म्हणाले. "पायथ्यापासून सारखा बघत होतो. म्हणजे... वेळ बघत होतो."

"वेळ," नवलेबाई म्हणाल्या. "मनगटावर घड्याळ आहे तुमच्या."

इक्बालभाईंनी बाही खाली ओढली.

तेवढ्यात वारा आला आणि धुकं फाटलं. जरासंच. पण तेवढ्यात पठाराचा काठ दिसला, काठाला दोन खाचा दिसल्या, एक अलीकडे, एक पार पलीकडे, आणि समोर एक वाकडं बोराटीचं झुडूप. सर ताडकन उठले.

"ती बघा आपली नाळ! चला, उठा, परत धुकं यायच्या आत."

त्यांनी दाखवली ती अलीकडची. पाण्याचा आवाज तिथूनच येत होता. आणि खुंट तिच्या डाव्या हाताला होता, उजव्या नाही.

मी उठले नाही. नवलेबाई उठल्या, अर्ध्यात थांबल्या. इक्बालभाई बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागले.

"सर, जरा..." मी म्हटलं.

"काय जरा? दिसतेय ना समोर?"

खोटं नाही सांगत, मी त्या क्षणी सरांच्या मागे जायला तयार झाले होते. माणसं दरीत कशी सापडतात ते मला तेव्हा कळलं. धाडसानं नाही, भिडेनं.

"अहो, थांबा, कागद तरी गोळा करू द्या," काकू म्हणाल्या. त्यांनी खजुराची पिशवी उचलली, आपली गोणपाटाची पिशवी उघडली, आणि आत जागा होईना म्हणून पिशवी उलटी केली.

माझ्या चिंध्या खाली पडल्या.

सगळ्या. मोरपंखी, राणी, हिरवी, पिवळी, काळ्या ठिपक्यांची. नीट घड्या घालून, वर दोरा गुंडाळून.

"काकू," मी म्हटलं. "हे तुमच्याकडे कसं?"

"कसं म्हणजे? उचललं. अख्ख्या वाटेवर कापड सांडत गेलीस. म्हटलं, पिशवीला भोक पडलंय की काय हिच्या. एवढं सुरेख कापड! गोधडीला होईल म्हणून घेतलं. काही तर झाडाला अडकले होते, गाठी सोडवता सोडवता नखं गेली माझी."

मी हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नवलेबाईंना आधी कळेना, मग कळलं, आणि त्या तोंडाला पदर लावून गदगदा हलायला लागल्या. इक्बालभाई "या अल्लाह" म्हणून खडकाला टेकले.

ती गोधडी आज माझ्याकडे आहे. थंडीत रोज अंगावर घेते. तेव्हा आम्ही घरी पोचलो की नाही याची काळजी तुम्ही करू नका. मला काळजी दुसऱ्याच गोष्टीची होती, आणि ती गोष्ट माझ्या समोर पाठ ताठ करून उभी होती.

"हसायला काय झालं?" काकू म्हणाल्या आणि ढिगातून एक तुकडा उचलून माझ्या नाकासमोर धरला. "हा बघ! हा माझा खण! उरला होता म्हणजे! देवाच्या दारात मला म्हणालीस की उरला नाही!"

"काकू, तो... कडेचा होता."

"वीतभर कडेचा?"

इक्बालभाई एकदम पुढे सरकले. डोळे लकाकत होते. "काकू, हा खणाचा तुकडा तुम्ही कुठे उचललात, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? माझा खण आहे. तो काय, समोर ते वाकडं झुडूप, त्यावर होता. काटा लागला ना मला."

"आणि हा मोरपंखी?"

"हा नवलेबाईंचा, दिवाळीतला. हा दोन दगड एकमेकांना टेकलेत, त्यांच्या फटीतल्या रोपट्यावर. इथून पलीकडे. आणि हा हिरवा, मुळ्यांच्या सुनेच्या डोहाळजेवणातला, हा नाळेच्या तोंडाशी. त्याच्या आधी पिवळा, कारवीत..."

सगळं पाठ. कुणाचा ब्लाऊज, कुठला सण, कुठलं झुडूप. झुडपापासून दगडांपर्यंत, दगडांपासून नाळेपर्यंत काकूंचं बोट धुक्यातून सरकत गेलं आणि पलीकडच्या खाचेवर थांबलं. सरांनी दाखवली तिच्या बरोबर उलट दिशेला.

पाण्याचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला.

काकूंनी बोट खाली घेतलं. खणाचा तुकडा मांडीवर सरळ केला.

"पण मंदा," त्या म्हणाल्या, "तू हे बांधलेस कशाला गं?"

प्रश्न मला होता. बघत त्या सरांकडे होत्या.

"ते... असंच," मी म्हटलं. "वारा कुठून येतो ते कळावं म्हणून."

"नवस असेल तिचा," नवलेबाई म्हणाल्या. "डोंगराला बांधतात."

"हां, नवस," इक्बालभाई म्हणाले. "आमच्याकडेही दर्ग्याच्या झाडाला बांधतात."

आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता माना हलवत बसलो.

सर खाली बसले. सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून. त्यांनी ढिगातली एक चिंधी उचलली. राणी रंगाची. तिची गाठ काकूंना सुटली नव्हती, फांदीच्या टोकासकट तोडून आणली होती. सरांनी ती गाठ बघितली, बोटानं चाचपली, एका टोकाला हिसका दिला. गाठ अलगद सुटली.

"माझी गाठ आहे ही," ते म्हणाले. "चांगली बांधलीस."

मी मान खाली घातली.

"पहिल्या फाट्यापासून बांधत आलीस?"

"हो, सर."

"आणि इक्बाल नकाशा बघत होता. आणि तुम्ही, नवलेबाई?"

"मी प्रत्येक वळण तोंडानं घोकत होते," नवलेबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच शिक्का मारल्यासारखा नव्हता. "धुक्यात सगळी विसरले."

सरांनी काकूंकडे पाहिलं. काकू खणावरची न पडलेली सुरकुती काढत होत्या.

"बसलो," सर म्हणाले. "खाल्लं. तिसरं मीच शिकवलं आणि मीच करत नाही." त्यांनी चिंधी बोटाला गुंडाळली, सोडली. "मालती, हिनं हे बांधलं, कारण मला वाट आठवत नाही. आजची नाही. कुठलीच आठवत नाही आता. दोन पावसाळे झाले."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मग तो काढला, आणि चांगला मोठा श्वास घेतला, दोन पावसाळे रोखून धरल्यासारखा.

"हं," सर म्हणाले. शबनम खांद्याला अडकवून ते उभे राहिले, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा वाटेतून बाजूला सरकले. "आता सांग, तुझा खण कुठल्या झुडपावर होता? हो पुढे. मंदा, तू तिच्या मागे. आणि ती कचऱ्याची पिशवी इकडे आण. आजपासून शेवटी मी."